चार-दहा

पहिली अडचण व्याकरणाची.
याला अहो म्हणू की अरे?
'वापरकर्त्याने फाइलचा पत्ता द्यावा' असं लिहिलं,
तर तहसील कचेरीतल्या फळ्यासारखं दिसलं.
खोडलं.

सातपूरची प्रयोगशाळा, दुसरा मजला.
खाली बेअरिंगचा कारखाना, दर दोन मिनिटांनी
टेबलावरचा चहा गोल गोल थरथरतो.
मी माहितीपत्रक लिहितेय एका छोट्या साधनाचं.
ते द्राक्षपानांच्या नमुन्यांचे तक्ते उघडतं,
आडवी जनुकं, उभी पानं,
आणि एआय एजंटच्या हाती देतं.
एवढंच काम. दार उघडणाऱ्या माणसाचं.

एजंट रात्री येतात, एकदम चाळीस.
मी लिहिलेलं वाचतात, अक्षर न् अक्षर.
माझ्या लग्नपत्रिकेतलं माझं नाव
इतकं मन लावून कुणी वाचलं नव्हतं,
आणि तिथं ते चुकलेलं होतं.
शंका विचारत नाहीत. डोकं खाजवत नाहीत.
लिहिलंय ते खरं,
आणि लिहायचं राहिलं
ते त्यांच्या मनाने खरं.

म्हणून लिहिलं: रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे.
शून्य म्हणजे मोजलं, आणि नव्हतं.
रिकामा म्हणजे फ्रीझरची वीज गेली,
नळी फुटली, किंवा हर्षाली त्या दिवशी
तलाठ्याच्या परीक्षेला गेली होती.
हे लिहून मी बराच वेळ
खिडकीबाहेर बघत बसले.

मग तारीख आली.
मखमलाबादची बाग, नमुना सतरा: ०४/१०.
एजंटने वाचलं, दहा एप्रिल.
कुठे काही अडलं नाही.
एप्रिलमध्ये खरड छाटणी असतेच.
चार ऑक्टोबरला फळछाटणी, तीही असतेच.
कात्री दोन्हीकडे चालते.
तेरावा महिना असता तर साधन ओरडलं असतं.
ही चूक नेटकी, भांग पाडून आलेली,
आणि तिच्यामागे अकरा पानांचा निष्कर्ष:
डावणीशी झुंजणारी जनुकं
भर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत जागी.
रुपवते सरांनी पेढेसुद्धा मागवले होते.

फोन लावला. पुंजाराम गांगुर्डे, नमुने गोळा करणारे.
मागे मोटार चालू, ओरडून बोलावं लागलं.
"सतरा नंबर? कोपऱ्यातली वेल, तारेला टेकलेली?
हां. घट बसले होते ताई, मी अनवाणी होतो.
टाचेत काच घुसली. ती काढली,
हात पँटला पुसला, आन् मग पान तोडलं."

घट बसले, म्हणजे ऑक्टोबर.
आणि मला आठवलं,
या नमुन्यात माणसाची थोडी जनुकं सापडली होती.
भेसळ म्हणून आम्ही ती गाळून टाकली होती.

तक्त्यात 'अनवाणी' असा रकाना नाही.
अझरने कुरकुरत साधनात एक अट घातली:
तारीख दोन्ही बाजूंनी लागत असेल
तर फाइल उघडायचीच नाही.
ती अट समजावून सांगायचं काम माझं.

"वाचणार कोण हे?" पुंजारामांनी विचारलं होतं.
"यंत्र," मी ओरडले, नेमकी तेव्हाच मोटार बंद झाली.
"मग उलगडून लिहा," ते हळू म्हणाले,
"त्याला कुठं चप्पल काढावी लागती."

उदाहरण तीनखाली लिहिलं:
तारीख अशी दिसली तर थांब.
अंदाज करू नकोस.
ज्याने पान तोडलं त्याला विचार.

लिहून झाल्यावर दिसलं, अरे-तुरे झालंय.
राहू दिलं.
खाली पुंजारामांचा नंबर दिला होता,
तो मात्र काढला.
चाळीस जण
रात्री दोनला फोन करतील.