वरचा जबडा

ब्लफच्या रस्त्याला, टायरवाल्याच्या मागे माझी खोली.
खिडकीतून कालवांच्या होड्या दिसतात.
जुलैत दार उघडलं की वारा थेट ध्रुवावरून आत येतो,
पाय न पुसता.

फळीवर जबडे आहेत, प्लॅस्टरचे, पिवळट,
टाळूवर पेन्सिलीने नाव आणि साल.
सगळे वरचे. खालचा बोलायला, वरचा मार खायला,
असं मला शिकवणारा म्हातारा फर्गस म्हणायचा.

लोपेतीचे नऊ आहेत.

पहिला आठव्या वर्षीचा.
सेइनी खाटीकखान्यातली पाळी संपवून
रबरी बुटांसकट त्याला घेऊन आली.
"दुकानातला उकळून चावायचा नको. मापाचा हवा."
पैसे मोजून ठेवले, नोटा वेगळ्या, नाणी वेगळी.

ट्रेमध्ये मी गुलाबी लगदा भरला, पुदिन्याच्या वासाचा.
म्हटलं, नाकाने श्वास घे, पायाची बोटं हलव.
त्याने हलवली. आणि भरल्या तोंडाने
काहीतरी लांबलचक सांगायला लागला, ग-ग-घ-घ.
मी हो हो म्हणत राहिले.
ट्रे काढल्यावर त्याने ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मग दर वर्षी, रग्बीचा मोसम सुरू व्हायच्या आत.
कधी लाल, कधी लाल-पांढरा,
एकदा जांभळा, त्याचं कारण सांगायला तो लाजला.
रबराचा पत्रा तापला की मधोमध लोंबतो, सायीसारखा,
यंत्र हवा ओढतं, आणि साय दातांवर बसते.
कडा कापायच्या. ज्योतीवरून फिरवायच्या.
ओठाला टोचेल असं काही ठेवायचं नाही.

सोळाव्या वर्षी अठ्ठावीस दात, एकाला टवका नाही.
अक्कलदाढा अजून यायच्या होत्या.

मे महिन्यातला शनिवार. गवतावर दहिवर गोठलेलं.
कुणाचा तरी गुडघा, त्याचं डोकं.
अकरा मिनिटं.
सेइनीने तो गार्ड पावाच्या पिशवीतून माझ्याकडे आणला.
मी दिव्याखाली धरला, उलटासुलटा केला.
साधी चीरही नव्हती.
काम चोख झालं होतं, आणि हे मी कुणाला सांगणार?

सप्टेंबरात तो आला.
माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण
तिकीट देणाऱ्या बाईकडे पाहतो.
सेइनी म्हणाली, झोपेत दात खातो.
भिंतीपलीकडून ऐकू येतं, शिंपल्यांवरून कुणी चालल्यासारखं.
दिवसा शब्द सापडत नाहीत, रात्री काय चावतो देव जाणे.
कुणावर दात खातोस रे, असं ओठावर आलं होतं.
गिळलं.

तो फळीपाशी गेला. आठ वर्षांचा जबडा उचलला,
अंगठा बरोबर खिंडीत ठेवला.
"हा... कुठे गेला?"

तुझी आजी फोनवर म्हणाली होती, मी सांगितलं,
पडलेला दात छपरावर टाकायचा, उंदरासाठी,
म्हणजे नवा उंदरासारखा पक्का येतो.
पण दात पडला स्ट्यूअर्ट बेटाच्या बोटीत, सफरचंद खाताना.
तू म्हणालास, छप्पर ते छप्पर.
आणि केबिनच्या टपावर भिरकावलास.
"मग?"
मग खलाशी ओरडला. मग तू मला विचारलंस,
तिथे उंदीर असेल ना?
"असेल?"
बोट अजून चालते, मी म्हटलं. रोज दोन फेऱ्या.

रात्रीचा गार्ड पातळ असतो, बिनरंगी.
मी लगदा कालवला. खुर्ची मागे झुकवली.
सांगायच्या आधीच त्याच्या बुटात
बोटं हलताना दिसली.
आणि तोंड भरल्यावर तो बोलायला लागला,
ग-ग-घ, थांबून, पुन्हा घ.

या वेळी मी हो हो म्हटलं नाही.
लगदा घट्ट व्हायला दोन मिनिटं लागतात.
घड्याळ माझ्या पाठीशी होतं, तिथेच राहू दिलं.