तळहात सपाट

केर्ली फाटा मागं पडला की डाव्या अंगाला पत्र्याची कमान लागती.
तिच्यावर सशाचं चित्र हाय, पेंटरनं कान गाढवाचे काढलेत.
आत माझी ड्यूटी. निळा शर्ट, खिशावर नाव : मायाप्पा.
एका खेपेला बारा पोरं, तेरावं न्हाई.
मोजून आत सोडतो,
माझा बा वाघरीच्या तोंडाशी मेंढरं मोजायचा तशी,
काठी आडवी धरून, जोडीजोडीनं.

"बोटं पुढं करू नका.
तळहात सपाट, चुलीवरच्या तव्यागत.
तीर्थ घेताना खळगा करायचा,
चारा देताना न्हाई.
शेरडाला बोट अन् लसूणघासाची काडी
सारखीच. त्याची चूक न्हाई ती."

दिसातनं चाळीसदा म्हणतो.
शाहूपुरीच्या पोरी हसतात.
इचलकरंजीची शाळा आली
तर मास्तर वहीत लिहून घ्यायला लावतात.

कुरकुऱ्याचा पुडा भाईर.
सशाचा मुका घ्यायचा न्हाई.
भाईर पडताना नळ, साबण, अन् वीसपतूर आकडे.

काल एक गडी अडून बसला नळापाशी :
"आम्ही गंगावेशीत म्हशीखाली पेला धरून वाढलो,
धारोष्ण, फेसासकट.
काय झालं आम्हाला?"
तुमाला न्हाई झालं, दादा.
ज्यांना झालं
ती दारात भांडाय येत न्हाईत.

माझ्या पाठची बाळाक्का.
त्या उन्हाळ्यात कोकरू हगवणीनं लागलं हुतं,
ती त्याला मांडीवर घिऊन भाकर खायची,
एक घास तिला, एक त्याला.
कोकरू जगलं.
कुणी नजर म्हणलं, कुणी बाधा.
त्याचा ह्याला संबंध असंल, नसंल,
मला कुणी सांगितलं न्हाई, मी इचारलंबी न्हाई.
पण साबणाची वडी झिजली
की ऑफिसची वाट बघत न्हाई. माझ्या पैशानं आणतो.

आयतवारी दुपारी एक पोरगं आलं. युगंधर.
पाच वर्षांचं असंल, बुटाला लाल दिवे.
आई मोबाईल रोखून :
"लाव की रे हात! एक फोटो!"
त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.
तिनं मनगट धरलं, वढलं.
बिजली, आमची पांढरी शेळी,
दावं ताणून मागं सरली, कान पाडून.

मी मधी उभा ऱ्हायलो.
"ऱ्हाऊ द्या, बाई.
त्याला नको हाय. बिजलीलाबी नको हाय.
दोघांचं एकमत झालंय."
"अहो, साठ रुपये तिकीट काढलंय."
"व्हय. बघायचं काढलंय."

फलकावर बारा नियम हायत.
पोराचा हात धरून वढू नये,
हा त्यात न्हाई.
साहेबांना सांगितलं तर म्हणाले, जागा न्हाई उरली.

आई सावलीला गेली, रागात.
पोरगं माझ्या डाव्या हाताकडं बघत हुतं,
अर्ध्या बोटाकडं.
"हे कुणी खाल्लं?"
खाल्लं न्हाई बाळा, चेचलं.
एडका हुता. मुठीत मका धरून
मी त्याला हुलकावणी देत हुतो. द्यायचा नव्हताच,
नुसता दाखवायचा हुता.
शिंग अन् दगड, मधी बोट.
"एडका वाईट होता?"
न्हाई. भुकेला हुता.

त्यानं लई वेळ इचार केला.
बिजली लांबनं रवंथ करत हुती,
ते तिच्या जबड्याबरोबर आपला जबडा हलवाय लागलं.
उजवीकडं, डावीकडं.
एवढंच. तीन हातांवरनं.

खेप संपली, घंटा झाली.
अकरा पोरं नळावर. आरडाओरडा, चिखल, फेस.
हे बाराव्वं मागं उभं.
"मी हात नाही लावला कशाला.
तरी धुवू?"

धू की.
पाणी हाय.

मग त्यानं बाह्या सारल्या,
अन् वीसपतूर मोजलं, मोठ्यानं,
सोळा इसरलं,
म्हणून परत पहिल्यापासनं.