दीड युरोचा पेला

सेगुंदिनो पत्र्याचं झाकण नुसतं पिरगाळतो,
बूच नाही, समारंभ नाही.
दीड युरो. सोबत चार ऑलिव्ह, फुकट.

बाहेर रुएदाचे मळे, मातीपेक्षा गोटेच जास्त.
दिवसभर तापलेल्या एका गोट्याला
कुत्र्यानं पोट लावलंय.

एउतिमिया पेला उजेडात धरत नाही,
नाक खुपसत नाही,
सरळ घोट घेते.
गाल आत. डोळे बारीक.
थंड, आंबट,
रस्त्याकडेच्या ओल्या बडीशेपेचा वास,
आणि गिळून झाल्यावर
जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा
कडू बदाम, एवढासा.

"हा आमचा," ती म्हणते.
"विहिरीकडच्या सात ओळी.
विकल्या त्याच वर्षी यंत्र आलं,
रात्रीतून खुडून गेलं.
मी खिडकीतून दिवे बघत होते."

सेगुंदिनो फडकं खांद्यावर टाकतो.
"बाई, टाकीत अकरा गावांची द्राक्षं पडतात.
त्यात तुझ्या सात ओळी
कशा ओळखू येणार?"

ती बोलत नाही.
ऑलिव्हची बी या गालातून त्या गालात.
नाणी मोजते, तीन युरो भरतात.

दुसरा पेला तिनं आजवर कधी घेतलेला नाही.

"ओत," म्हणते,
"मघाशी घाई झाली.
आता नीट बघते."