उलटा हात

आमच्या घरी उलट्या हाताला एकच काम होतं:
"देऊ का एक उलट्या हाताची?"
दुसरं मला गजभिये सिस्टरनी शिकवलं,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी, मेच्या दुपारी,
कूलरमधला खस वाळून खडखडत होता तेव्हा.
"तळहाताला काही कळत नाही, पोरी,
तो भांडी घासून निबर होतो.
मागच्या बाजूनं बघ. आधी पोट, मग तळपाय.
पोट ऊन, पाय ऊन: झोपू दे.
पोट ऊन, पाय गार: गुंडाळ, टोपी घाल, आईजवळ दे.
दोन्ही गार, तर पळ.
आणि मोजलं की लिही. मोजलेलं मनात ठेवू नये."

आज सत्तावीस वर्षांनी
पारा छेचाळीस पॉइंट दोन,
मेडिकल चौकात डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि माझ्यापुढे 'बेबी ऑफ सुगरता मडावी', मुलगी,
एक किलो सहाशे चाळीस,
देवलापारहून अँब्युलन्समध्ये, एसीच्या झोतात आलेली.
पोट गार. पाय गार.
थर्मामीटर मागाहून बोललं: पस्तीस पॉइंट एक.

काचेपलीकडून बाप विचारतो,
"बाहेर तं आग लागली हाय, मॅडम,
मंग हे लेकरू काहून गार?"
त्याला कसं सांगू
की एवढंसं बाळ कुडकुडत नाही,
कुडकुडायलाही अंगात थोडी शिल्लक लागते.
ते नुसतं गप्प होतं.
आणि गप्प बाळाला सगळे गुणी म्हणतात.

वॉर्मर. कोरडं फडकं. टोपी, तीही कपाळावर घसरणारी.
श्वास पूर्ण एक मिनिट मोजले, अर्ध्याची दुप्पट नाही:
चोपन्न.
छाती आत ओढत नाही. ओठ गुलाबी, नखं जांभळट.
टाचेतून एक थेंब, साखर अडतीस.
डॉक्टर बनसोडांनी शीर शोधली, तिसऱ्या खेपेला सापडली.
मी तिच्या मुठीत करंगळी दिली.
तिनं धरली.
हे प्रेम नव्हे, तक्त्यात याचा रकाना आहे,
'पकड: आहे / नाही / मंद'.
मी 'मंद'वर खूण केली.
करंगळी कधी काढली, ते लिहिलं नाही.

सुगरता अजून वरच्या मजल्यावर, रक्त चढतंय.
पाचला, मुलगी जरा तापल्यावर,
बापाला हात धुवायला लावले, शर्ट काढायला लावला.
तो लाजला. चार नर्सा, दोन बाया, भिंतीला घड्याळ.
"तेंदूची पानं तोडत होतो, मॅडम, वास येते अंगाले."
"येऊ दे."
छातीवर बेडकासारखी ठेवली, मान एका बाजूला,
वरून त्याच्याच बायकोची साडी बांधली.
मग तो दोन तास हलला नाही.
माशी नाकावर बसली, तरी नाही.
साडेसातला छत्तीस पॉइंट सात.
मी आकडा सांगितला. त्यानं विचारलं, "पास?"

हे गजभिये सिस्टरना सांगायला हवं होतं.

मागल्या महिन्यात इंदोऱ्याला गेले होते त्यांच्याकडे.
खाटेवर, चादरीखाली जवळजवळ कोणी नाही.
बोलावं काय ते सुचेना, तेव्हा हातानंच सुरुवात केली:
पोट ऊन.
पाय गार.
चादर ओढली, पायांशी खोचली, सवयीनं.
डोळे मिटलेलेच होते.
"लिहिलंस?"

पर्समधून पेन काढला.
कागद सापडला तो गॅस सिलिंडरच्या पावतीचा.