पाठीवरचे आकडे

सोमवारी, डंडीच्या दवाखान्यात,
मॉराग नर्सने पाठीवर चौकोन चिकटवले,
पेनाने आकडे घातले.
शुक्रवारपर्यंत आंघोळ नाही.

मलम कशासाठी लावत होता, तिने विचारलं.
मूळव्याध
हा एक शब्द डॉक्टरपुढे काढायला
मला सात महिने लागले होते.
तोवर लावत राहिलो, आग वाढली की आणखी थोडं.

आज ती माझी पाठ वाचते,
मला न दिसणारी:
चौदा नंबर, लिडोकेन, लाल, बारीक फोड.
शेजारचं प्रिलोकेनसुद्धा.
बधिर करायला आणलेलं,
त्यानेच कातडीला बोलतं केलं.

दाताच्या डॉक्टरला आधी सांगा, ती म्हणते,
कार्ड पाकिटात ठेवा.

बाहेर टे नदीवरचा वारा.
अनंताचा फोन: कसा आहेस?
ठीक, म्हणतो मी सवयीने,
चौदा नंबरपर्यंत
हात पोचत नाही.