आंबट अंजीर

डिसेंबर लागला की डोरेथिया माझ्या पिकअपमध्ये
आधी बादल्या चढवते, मग दुखरा गुडघा, मग स्वतः.
मी गाडी चालवतो फक्त.
क्लिपबायपर्यंत ती गप्प.
फ्रान्सीनाच बोलते : मासळीचा भाव, चर्चमधली भांडणं,
जावयाचे नवे दात.

वाळूच्या टेकडीवर ती पसरलेली.
वेल म्हणावी, तर पानं बोटांएवढी जाड, तीन धारांची,
तहान लागली की आपलंच पाणी पिणारी.
फळं सुकून तपकिरी, सुरकुतलेली.
देठाकडचं टोक दातानं तोडून थुंकायचं,
मागून अंगठ्यानं दाबायचं.
आधी खारट, मग तोंड वाकडं होईल असं आंबट.
गोड येतं ते फार उशिरा,
तोवर तुम्ही दुसरं उचललेलं असतं.

डोरेथिया वाकून तोडत जाते.
“ही मोरी.” चार पावलं सरकते.
“इथे आईचा पलंग.”
मला दिसतात नुसती पानं.
ट्रक आले, किनारा गोऱ्यांसाठी मोकळा केला,
ते ती सांगत नाही.
पानांचा गुंता उचलते. खाली सिमेंटचा उंबरा,
त्यात एक छोटा पंजा उमटलेला.
“आमचा बेनी. ओल्यातच हात घातला. मार खाल्ला.”

काचेच्या नव्या घरातली बाई धावत आली,
मुलगा ओरडत होता,
पोटरीवर निळ्या जेलीफिशचे वळ, चाबकाचे असावेत तसे.
डोरेथियानं पान मोडलं, पिळलं,
वळांवरून रस फिरवत राहिली.
“भाजलं तर हेच लावायचं. घसा धरला तर चघळायचं,”
मुलालाच सांगत होती. तो हुंदक्यांवर आला.

बाई म्हणाली, किती द्यायचे?
मग म्हणाली, बरं झालं कळलं,
एप्रिलमध्ये हे सगळं उपटून लॉन करणार होतो.

डोरेथियानं बोटं स्कर्टला पुसली. चिकटपणा गेला नाही.
“बादली भरली नाही अजून,” मला म्हणाली,
आणि जाऊन बसली
पलंगाच्या जागी.

परतीला फ्रान्सीनासुद्धा बोलली नाही.
फळं रात्रभर मिठाच्या पाण्यात,
उद्या साखर, आलं, दालचिनी.
माझं स्टिअरिंग चार दिवस हाताला चिकटतं.
डॅशबोर्डवर एक तुकडा राहिलाय, मातीशिवाय, पाण्याशिवाय.
तीन आठवडे झाले.
परवा पेराशी पांढरं मूळ दिसलं.
बायको म्हणते, लावून टाक कुठेतरी.
कुठे, ते सांगत नाही.