छत्तीस पानं

जेल रोडच्या आमच्या गॅलरीत
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
यांनी पट्टीने रेघ मारली आहे:
डावीकडे नदी, उजवीकडे शहरं.
आठ दिवस बोटीवर, पाच दिवस जमिनीवर.
रेघ इतकी सरळ
की तिकडची गावं कधी भिजतच नसावीत.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये, बाइंडिंगला.
लोकांचे पासपोर्ट शिवले यांनी,
छत्तीस पानं, मधोमध दोरा,
आणि भोंगा झाला की झडती देऊन
रिकाम्या हातांनी घरी.
स्वतःचा काढला तो आत्ता, चौसष्टाव्या वर्षी.
पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा
फोटो नाही पाहिला, नाव नाही वाचलं,
मधलं पान उघडून
शिवणीवरून अंगठा फिरवला
आणि म्हणाले, "टाका बरा बसलाय."

डॅन्यूब म्हणतात तिला.
जीभ वळते, पण ओळख लागत नाही.
तशी गोदावरीही मला
भूगोलाच्या पेपरातच भेटायची;
घरात आम्ही तिला गंगा म्हणायचो.
"गंगेवर जाऊन येते," म्हणायची आई
आणि दोन जुड्या मेथी घेऊन परत यायची.

कॅनडा कॉर्नरला
(तोच आमचा आजवरचा सर्वांत लांबचा परदेश)
ट्रॅव्हल्सवाल्या मुलीने विचारलं,
"काकू, खिडकीची खोली की बाल्कनीची?"
फरक पंचेचाळीस हजारांचा.
मी विचारलं, पूर किती येतो?
ती हसली. म्हणाली, ऑक्टोबरात उलटंच,
पाणी कमी पडलं तर बोट अडते,
मग पुढे बसने नेतात.
कमी म्हणजे कुठपर्यंत, मी विचारलं.
तिला सांगता येईना.
दुतोंड्या मारुती नसेल ना तिकडे.
कमरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला,
हे कोणाच्या अंगावर मोजत असतील ती माणसं?

यांना राजवाडे नकोत,
कागदाची जुनी गिरणी आहे म्हणे कुठेशी, ती बघायची.
मला बाजार बघायचाय, भाजीचा,
पाण्याच्या कडेला भरतो तसा.
इथून आमचा छत्तीसचा आकडा.
दोन दिवस कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून होतं.

"तुला बोट लागेल," हे म्हणाले,
"सप्तशृंगीच्या घाटात बस लागते तशी."
म्हणून रविवारी गंगापूर धरणावर तालीम.
दोन लाइफ जॅकेट, आलेपाकाची पुडी,
माझ्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी, घडी घालून.
मी पुढे बसले. बगळे मोजले,
अकरा झाले, बारावा बुडीत बाभळीवर.
मागे वळले तर
हेच पांढरेफटक, डोळे मिटलेले,
पिशवी मागायलाही तोंड उघडवत नव्हतं.

बोटवाल्या पोराने इंजिन बंद केलं.
मग बराच वेळ कोणी कुठेच जात नव्हतं.
पाणी बोटीच्या पोटावर
थापट्या मारत राहिलं,
झोप न येणाऱ्या बाळाला मारतात तशा.
यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा धरला होता.
किनाऱ्याला लागल्यावरही,
भजीच्या गाडीपाशी पोहोचेपर्यंत.

घरी आल्यावर दोघंही त्याबद्दल बोललो नाही.
रात्री गॅलरीत दिवा दिसला.
यांनी ती सरळ रेघ खोडली होती,
कागद तिथे जरा विरलाय,
आणि नवं लिहिलं होतं, हातानेच, पट्टी न घेता:
दोन दिवस पाणी, मग गाव,
एक दिवस पाणी, मग गाव,
सुई खाली जाऊन वर येते तसं.
खिडकीची खोली. बाल्कनी खोडलेली.
गिरणीच्या खाली, बारीक अक्षरात, "बाजार (कुमुद)".

मी म्हटलं, कोजागरी कुठल्या रकान्यात येते?
बोटीवर आली तर
दूध आटवायला देतील का आपल्याला कोणी?
यांनी चष्मा कपाळावर चढवला,
बोटांवर तिथी मोजू लागले,
आणि मध्येच थांबून म्हणाले,
"केशर मात्र इथूनच ने."